खिडकीजवळचा पाळणा

दि. २०, गुरुवार

लाडक्या छोटीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद आणि तुझ्या ढमीच्या दोन्ही गालांना एकेक गालगुच्चा. आम्ही इकडे बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याहून जास्त आई कुरकुरते. जावईबापूंचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, सिगारेट सोडली असं सांगून खोकला जात नाही, ती सोडावी लागते.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू मला कधी वाक्य पुरं करू दिलं आहेस? शिवाय तू रडलीस की मी लगेच माघार घेते.

तर जागेबद्दल. ढमी पोटात होती तेव्हाच आमच्या पाळणाघरात तिची जागा धरून ठेव म्हणून मीच तुझ्यामागे भुणभुण लावली होती. पैसे आगाऊ भरले की बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती आजही तशीच आहे. एक तारखेला तू कामावर रुजू होशील आणि ढमी माझ्याच खोलीत, खिडकीजवळच्या पाळण्यात असेल.

त्या पाळण्यात सध्या फुगा असतो. हे नाव मी ठेवलंय, गाल बघून. दहा महिन्यांचा आहे. मला पाहिलं की गज धरून उभा राहतो आणि स्वतःच्याच पराक्रमाला घाबरून धपकन खाली बसतो. रांगतो मात्र असा, की दार उघडं राहायची खोटी.

आमच्याकडे नियम साधा आहे. मूल चालायला लागलं की वरच्या मजल्यावर, मोठ्यांच्या खोलीत. वर पाळणे नाहीत. धावणारी मुलं आहेत आणि जिना आहे. पूर्वी मूल चालायला लागलं की खालची जागा रिकामी व्हायची. आता ती जागा आधीच कुणाच्या तरी नावावर झालेली असते, म्हणून मुलाला ठरल्या तारखेला चालावं लागतं.

ते कसं, सांगते. मी मुलाला काखेत धरून उभं करते. बाई फोन घेऊन समोर बसतात. त्या 'सोड' म्हणाल्या की मी सोडते आणि मूल पडायच्या आत फोटो निघतो. माझे हात दिसत असले तर तेवढे कापून टाकतात. खाली 'पहिलं पाऊल' असं लिहून फोटो आईबापांना जातो. ते हरखतात. "घरी एक पाऊल टाकत नाही हो, घरी नुसते लाड करून घेतो," असं मलाच कौतुकाने सांगतात. मीही हसते.

गेल्या महिन्यात चिमणीला असंच वर नेलं. मोठ्या मुलांपैकी कुणीतरी जिन्याचं फाटक उघडं टाकलं आणि ती रांगत गेली. मी खाली होते. आवाज आला तेव्हा मला वाटलं, खेळण्यांची टोपली कलंडली. बाई तिच्या आईला म्हणाल्या, "चालायला शिकताना पडतातच मुलं." ती बिचारी डॉक्टरांनाही तेच सांगत राहिली, चालताना पडली. तिच्याजवळ फोटो होता ना. परवा चिमणीचे बाबा तिची चादर न्यायला आले होते. हाक मारली तरी ती आता वळून बघत नाही, म्हणाले. जाताना माझे आभार मानून गेले.

पुढच्या शुक्रवारी फुग्याची पाळी आहे.

हा अजून चालत नाही, असं मी बाईंना स्पष्ट सांगितलं. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "तुझ्याच भाचीसाठी चाललंय ना गं हे? तुला जमत नसेल तर नवी मुलगी धरेल त्याला." ती धरेलच. तिलाही नोकरी टिकवायची आहे. मग फुग्याच्या आईला दारात गाठून तेच सांगितलं, पण तो एकदोन पावलं टाकतो असं बाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मावशी, आमचा लवकर चालतोय, नजर नका लावू हो!"

अजून एक. ढमीच्या मागेही नंबर लागलाय. मंगळवारी एक जोडपं येऊन तोच पाळणा धरून गेलं. बाळ अजून पोटात आहे. ते येईल तेव्हा ढमी दहा महिन्यांची झालेली असेल.

तू जागा सोडलीस तर तोवर तो पाळणा दुसऱ्या कुणाला नको आहे, आणि तितक्यात फुगा खरोखर चालू लागेल. तुझे पैसे बुडतील. नोकरीही बहुधा जाईल, कारण आईला ढमी झेपणार नाही. तू माझं तोंड बघणार नाहीस, हेही मला कळतं. पण मी भ्यायले आहे गं, फार भ्यायले आहे.

बुधवारी बाईंचा तुला फोन येईल. गोड बोलतील आणि एवढंच विचारतील, "येताय ना?" तू हो म्हणालीस तर फुगा वर जाईल. त्यानंतर वर काही वाजलं तर मी धावेन, असं मी मनाशी ठरवलंय. पण त्याच वेळी पाळण्यात ढमी रडत असली, तर खरं सांगते छोटी, मी आधी तिलाच उचलीन.

तुझ्या तोंडून 'नाही' ऐकायला आसुसलेली,
ताई