आबांच्या बीमची भेग

तळेगाव, मंगळवार रात्र

आज सांगायचंच, असं ठरवून इंदुरीला माहेरी आबांकडे गेले होते. नाही सांगितलं. का नाही?

त्यांच्या खोलीच्या बीमला मोठी भेग पडली आहे. माझी केतकी कॉलेजात काँक्रीटच्या भेगा भरणारे जिवाणू वाढवते. आबांनी हट्ट धरला म्हणून तिने ते भेगेत सोडले. काल म्हणाली, "आई, ते केसाएवढी भेग भरतात. इथे करंगळी जाते. आबांना तिथून हलव, आपल्याकडे आण."

गेले तर आबा स्टुलावर चढून भेगेवर पाणी शिंपडत होते. "मुकी जनावरं ती. तहान लागती त्यान्ला." कडेला जिवाणूंनी केलेल्या चुन्याची थोडी पांढरी रेघ आली आहे. मलाही वर चढवलं, माझं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं. "बग, भरत आलीया. आता तुज्याकडं यायाची गरज न्हाई."

इतके खूश. ती पांढरी रेघ नसती, तर बोलले असते का मी?

"हो आबा, भरतेय," म्हणाले.

त्यांची खाट बरोबर त्या बीमखाली आहे. आत्ता जेवून आडवे झाले असतील.