खवट म्हणजे खालिस

अधारताल, जबलपूर
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप क्षमावहिनींना धाकट्या नणंदेचा, म्हणजे शरयूचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं मनातल्या मनात ठेवलं आहे असं समजा, मानेला पट्टा आहे.) दादांची शुगर कशी आहे? तुमचा गुडघा काय म्हणतो? अनुपमला सांगा, तुमचा जुना फोन त्यानं आत्याला दिला होता तो अजून चालू आहे. चालू आहे म्हणूनच हे पत्र हातानं लिहून राहिली आहे. त्या फोननं जे करून ठेवलं, ते त्याच फोनवर बोलायची माझी हिंमत होत नाही. शिवाय फोनवर तुम्ही मधेच हसता, आणि ही गोष्ट हसण्यासारखी असली तरी मला अजून हसू आलेलं नाही.

तुम्हाला आमचा हल्के भैया आठवत असेल. गल्लीच्या तोंडाशी दुकान, वर पाटी ‘हल्के किराना भंडार’. (इकडे घरातल्या धाकट्याला हल्के म्हणतात. तरी किराणावाल्यानं हे नाव पाटीवर लिहायचं म्हणजे धाडसच, असं आमचे हे म्हणायचे.) तीस वर्षं मी त्याच्याकडूनच सामान आणते. चार मराठी घरांसाठी तो नागपूरहून गोडा मसाला आणि जाड पोहे मागवतो. बाकी साऱ्या मोहल्ल्याला तो दीदी नाहीतर आंटी म्हणतो, मला एकटीला ताई. हे गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी चार वाक्यं बोलणारं ते एकच ठिकाण आहे. कधी कधी मी हळद आज आणते आणि मोहरी उद्या, ती काहून, हे तुम्हाला सांगायला नको.

पण वहिनी, मागच्या वर्षभरात त्या दुकानात उभं राहणं मुश्किल झालं. तूरडाळीचा भाव विचारला की तो आधी सुस्कारा टाकतो आणि मग आकडा सांगतो, म्हणजे आपण हात टेकवायला काउंटर शोधावा. तेलाची पिशवी तीच, तिच्यावरची सूर्यफुलंही तीच, आत पाहावं तर लिटरऐवजी आठशे ग्रॅम. बिस्किटाचा पुडा हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजतो. मी काही म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, “ताई, मैं थोड़ी बढ़ाता हूँ, ऊपर से बढ़ के आता है।” हे ऊपर म्हणजे नक्की कुठे, ते त्यानं कधी सांगितलं नाही. आणि सर्व्हिस! आता लोक घरी पलंगावर लोळत वॉट्सअपवर यादी पाठवतात, त्यांचं सामान आधी बांधलं जातं. जो माणूस पायानं चालत आला, समोर उभा आहे, ज्याला मानेचा पट्टा आहे, तो शेवटी. एकदा पाव किलो साखरेसाठी मी चाळीस मिनिटं उभी होते. तो फोनमध्ये बघून कुणाच्या तरी यादीतला साबण शोधत होता, आणि साबण माझ्या कोपराजवळ होता. मी सांगितलं नाही. मीही हट्टी आहे.

संक्रांतीला कडेलोट झाला. आमच्याकडे हळदीकुंकू होतं, सतरा बायका. मी हल्केकडून एक किलो शेंगदाणे आणले आणि दाण्यागुळाचे लाडू केले. घाईत चव पाहिली नाही, ही माझी चूक. बेबीताईंनी (आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, तोंडानं फटकळ, पण त्या दिवशी बोलल्या नाहीत हेच वाईट) पहिला घास घेतला, थांबल्या, आणि उरलेला लाडू हळूच कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. पाठोपाठ सोळा पर्स उघडल्या आणि बंद झाल्या. सगळ्या गेल्यावर मी एक लाडू तोंडात टाकला. खवट! इतका खवट, की पाणी प्यायल्यावरही जिभेवर जुन्या तेलाची बाटली उघडी पडल्यासारखं वाटत राहिलं.

तेव्हा खरं तर ताट घेऊन दुकानात जायचं होतं, म्हणायचं होतं, खाऊन दाखव. मी काय केलं? फोन घेतला. नकाशात दुकानावर बोट ठेवलं की खाली आपलं मत लिहिता येतं, हे मला अनुपमनंच शिकवलं होतं. तिथे मी चक्क मराठीत लिहिलं: ‘दुकानदार तुसडा. काम चेंगट. वजनात हात आखडता. शेंगदाणे खवट.’ आणि पाचातला एक तारा दिला. तीस वर्षं सरकारी शाळेत हिंदी शिकवली आहे वहिनी, कोणता मराठी शब्द हिंदी माणसाच्या हाती लागत नाही, हे मला बरोबर ठाऊक आहे. म्हणजे राग निघावा, पण त्याला कळू नये, अशी माझी योजना. यातलं वजनाचं तर साफ खोटं होतं. हल्केनं मला आजवर चिमूटभरही कमी दिलेलं नाही. पण तीन दोष लिहून झाले की चौथा आपोआप हाताखाली येतो, आणि तो लिहिताना फार छान वाटलं, हेही कबूल करते.

आठ दिवसांनी संध्याकाळी दार वाजलं. हल्के भैया, केस विंचरलेले, हातात फोन. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी. म्हणाला, “ताई, हमारी दुकान पे किसी ने मराठी में कुछ लिखा है। पढ़ तो लेता हूँ, समझ में नहीं आता। आप तो दोनों भाषा की मास्टरनी हैं, बता दीजिए।” आणि फोन माझ्यापुढे धरला. मी शब्दांच्या वर पाहिलं. वहिनी, जरा बसून वाचा. तिथे तुमचं नाव होतं. फोन तुमचा, त्यात खातं तुमचं, फोटोही तुमचाच, तो अनुपमच्या मुंजीतला, नथ घातलेला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो इतक्या आशेनं उभा होता! लहानपणी निकाल ऐकायला उभं राहतात तसा. माझ्या तोंडून निघालं, “ये तो मेरी भाभी हैं, नागपुर की। तारीफ़ लिखी है।” मग थांबता येईना. तुसडा म्हणजे कमी बोलणारा, सरळ माणूस. चेंगट म्हणजे इत्मिनाननं काम करणारा. आखडता हात म्हणजे एकदम सधा हुआ हाथ, नेमकं मोजून देणारा. आणि खवट म्हणजे खालिस, पुराने ज़माने का असली स्वाद.

“अच्छा! खवट!” त्यानं तो शब्द जिभेवर घोळवला. मग डोकं खाजवून म्हणाला, “पर सितारा एक ही क्यों?”

मी म्हटलं, “एक मतलब एक नंबर।”

तो चहा न घेता गेला, इतका खूश. दुसऱ्या दिवशी मला पाहून यादीचं सामान न्यायला आलेल्या पोराला ओरडला, “रुको भाई, पहले ताई।” आणि पुढल्या आठवड्यात, वहिनी, बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून छापून आणलेला फ्लेक्स दुकानावर चढला. पिवळ्यावर लाल अक्षरं: ‘हमारे यहाँ खवट मूँगफली एवं चेंगट सेवा. नागपुर की क्षमा जी की पसंद.’ मी तो फुटपाथवरून वाचला आणि पिशवी छातीशी धरून तशीच घरी आले. सांगायचं रोज ठरवत होते. रोज तो नव्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, “ले जाइए, एकदम खवट है,” आणि मी माझं जिरं घेऊन परत यायची. तुमच्यासाठी त्यानं दोन किलो शेंगदाणे वेगळे बांधून दिले आहेत, ‘भाभीजी को हमारी तरफ़ से’. ते डब्यात आहेत. पाठवू का, विचारत नाही.

महिनाभर चाललं. मग पंधरा दिवसांपूर्वी आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये अमरावतीहून नवीन आलेली समृद्धी, बँकेतल्या साहेबांची बायको, दुकानात आली. मी आत, बेसनाच्या गोणीपाशी. तिनं वर पाहिलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला गोणीवर बसावं लागलं. पोरगी मनानं वाईट नाही. तिनं डोळे पुसले आणि त्याला नीट समजावून सांगितलं, “भैया, ये किसने लिखवाया? खवट मतलब जिसका तेल बिगड़ गया, बास मारता है। चेंगट मतलब एकदम सुस्त।”

हल्केनं तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी बेसनाकडे पाहिलं.

त्यानं स्टूल आणलं, स्वतः वर चढून सुतळी सोडली, फ्लेक्सची गुंडाळी करून आत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर म्हणाला, “आइए मैडम।”

वहिनी, तेव्हापासून मैडम. आता मला एक मिनिटही उभं राहावं लागत नाही. काट्यावर साखर पुरी झाली तरी वर मूठभर टाकतो आणि काटा माझ्याकडे फिरवून म्हणतो, “देख लीजिए।” छापील बिल देतो. डाळ निवडलेली, शेंगदाणे सीलबंद. तीस वर्षं मला जी सर्व्हिस हवी होती ती सगळी मिळून राहिली आहे, आणि मला त्या दुकानात पाय टाकवत नाही. तो एवढा रागावला आहे, की भांडतसुद्धा नाही. चार दिवस झाले, घरातली मोहरी संपली आहे. बिनफोडणीचं खाऊन राहिले.

दादांना साष्टांग नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लावत जा, पण वास घेऊन लावा.

तुमची
शरयू

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दुकानाचा फोन नंबर मागच्या पानावर लिहिला आहे. तुम्ही हल्केला फोन करून एवढंच सांगायचं, की ते सगळं तुम्हीच लिहिलं होतं, रागाच्या भरात, मागच्या वर्षी इथे आला होता तेव्हाच्या शेंगदाण्यांवरून, आणि शरयूला त्यातलं काही माहीत नव्हतं. नाव तर तुमचं आहेच. तुम्ही नागपूरला, तुम्हाला त्याच्याकडून काही आणायचं नाही. तुमचं काय जाणार आहे? माझं मात्र एकच दुकान आहे. हे मागताना लाज वाटते आहे, म्हणून खाली लिहिते आहे.

ता. क. दुसरा, मंगळवार. फोन करू नका. पाकीट बंद करायला डिंक नव्हता, म्हणून दोन दिवस पत्र टेबलावर पडून राहिलं, आणि येता जाता तो पहिला ता. क. मला दिसत राहिला. आज दुपारी दोनला, दुकान रिकामं असतं तेव्हा, मी गेले. हल्के डबा खात होता. उठायला लागला तर मी म्हटलं, बसा. मग माझी सगळी हिंदी कुठे गेली कोण जाणे. एवढंच म्हणता आलं, “वो भाभी ने नहीं लिखा था। मैंने लिखा था।”

त्याचा हात डब्यातच राहिला. म्हणाला, “आपने?”

“हओ।”

मग जे बोलला ते ऐकून, वहिनी, मला वाटलं आपण बिनफोडणीचंच खात राहिलो असतो तर बरं झालं असतं. म्हणाला, “मैं तो समझा था, नागपुर वालों ने सच लिखा और आपने हमारा मन रखने को बदल के सुनाया। आपके सामने शरम आती थी, मैडम। इतनी ख़राब मूँगफली खिला दी, और आपने मुँह से एक शब्द नहीं निकाला।”

म्हणजे तो रागावलेला नव्हताच. मी वर जे काही लिहिलं ते चुकीचं. शरमेनं त्याला ताई म्हणवत नव्हतं, आणि मला तो राग वाटला. रागावण्यासारखं कारण त्याला मी आज, स्वतः चालत जाऊन दिलं.

मग त्यानं हळूच विचारलं, “वज़न वाली बात भी आपने लिखी?” मी मान हलवली. (पट्ट्यानं जेवढी हलते तेवढी.) “कभी कम तौला?” मी म्हटलं, “कभी नहीं। एक बार भी नहीं।” तो म्हणाला, “बोलना था न। मूँगफली का मुँह पे बोलना था। हम बोरा लौटा देते।” आणि डब्याचं झाकण लावलं. भात अर्धा तसाच होता. मोहरी मागायचं मला सुचलं नाही, त्यानंही काय पाहिजे म्हणून विचारलं नाही.

तेव्हा आता खरं काम एवढंच. ते लिहिलेलं पुसायचं असतं ते अनुपमला येत असेल. मला त्या फोनला बोट लावायची भीती वाटते. त्याच्याकडून आजच पुसून घ्या, आणि पुसलं असं मला पत्रानं कळवा. फोनवर नको, कागदावर, मोठ्या अक्षरात, हिंदीत. कागद असला म्हणजे तो दाखवायला मला दुकानात जाता येईल.