सोमवारपासून कामावर

१ जून, सोमवार
लॅबच्या मालकांचा फोन. पंधरा तारखेपासून लॅब उघडतेय. कवळ्यांची कामं साचली आहेत, म्हातारी माणसं नुसतं पातळ खाऊन वैतागली आहेत. येणार की नाही ते आत्ताच सांग म्हणाले, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. मी म्हटलं, येणार म्हणजे काय, येणारच! आवाज छान खणखणीत निघाला. फोन ठेवल्यावर छातीत धडधड. चहा फार होतोय. उद्यापासून बंद.

या साथीत घरातल्यांची मनं सांभाळायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आहे. आई फार काळजी करते. म्हणजे सारखी माझ्याकडे बघत बसते.

३ जून
चहा बंद. धडधड आहेच. चहा सोडल्यामुळे असणार.

दुपारी आई झोपलेली असताना हात धुतले. बघायला कोणी नाही. म्हणजे धुतले असं धरता येत नाही. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते, तिथला नियम: एकाने औषध काढायचं, दुसऱ्याने बाटली पाहून ‘बघितलं’ म्हणायचं, मगच ते पेशंटला. घरातही तसंच. गॅस, कडी, नळ. मी अक्षरं शिकायच्या आधी हे शिकले. आता हातांनाही लावलाय, एवढंच. वेगळं काही नाही.

आई उठेपर्यंत हात वर धरून तिच्या खाटेशी उभी राहिले. ती डोळे उघडून दचकलीच. म्हणाली, चोर पकडल्यासारखी काय उभी आहेस! मग तिच्यासमोर पुन्हा धुतले.

६ जून
मन शांत ठेवायचा व्हिडिओ पाहिला. आईसाठी. खोल श्वास घ्या म्हणे. या दिवसांत? त्या बाईंना बाहेर काय चाललंय याची कल्पना नसावी. श्वास सोडायचा भाग व्यवस्थित केला. घ्यायचा नंतर बघू.

८ जून, सोमवार
सराव सुरू. आज फाटकापर्यंत, उद्या कोपऱ्यापर्यंत, मग बसस्टॉप. आठवडा पुरून उरेल.

एक जिना उतरले आणि तळमजल्यावरचे काका खोकले. मला कळायला लागल्यापासून ते खोकतात, पण आजचा खोकला वेगळा होता. परत. अंघोळ, कपडे भिजवले, चप्पल भिजवली. बाबा म्हणाले, अगं, तो खोकला तीन जिने चढून येईपर्यंत दमेल की! आई हसली. मी हसले नाही. कोणीतरी गंभीर राहायला हवं.

१० जून
आज मुद्दामच दारापर्यंत गेले. मनावर एकदम ताण देऊ नये.

बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. साबण बदलायला हवा.

लॅबचा विचार करत होते. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, कोणाकोणाच्या तोंडातून काढलेले. त्यात मी प्लास्टर ओतायचे, साच्यावर मेणाच्या हिरड्या बसवायचे आणि रेडिओबरोबर गुणगुणायचे. ती मुलगी कोण होती कोण जाणे. बेफिकीर असावी.

१२ जून
भयंकर प्रकार.

हात धुवून बाबांपुढे धरले. ते म्हणाले, बघितलं. पाहते तर डोळे मिटलेले! जाब विचारला. आधी म्हणाले, डुलकी लागली. मग म्हणाले, बरेच दिवस मी असाच म्हणतोय बाळा, म्हटलं निदान तेवढ्याने तरी थांबशील.

आयुष्यभर कंपाउंडर असलेला माणूस!

म्हणजे बाबांनी बघितलेलं सगळंच रद्द. कड्या, भांडी, भाजी, मी. सगळं पहिल्यापासून. आई म्हणाली, अगं, जेव तरी आधी. ताट कोणी धुतलं होतं, विचारलं. ती आत निघून गेली.

१४ जून, रविवार
सगळं धुऊन झालं. बॅगसुद्धा. ती वाळली नाही, पण ओली बॅग नेता येते. जेवण गेलं नाही, उत्साहामुळे. उद्या जाणार म्हणजे जाणार.

१५ जून, सकाळ
सहालाच तयार. हात कडीवर. आई मागे, बाबा तिच्या मागे, लग्नात मुलीच्या पाठवणीला उभे असावेत तसे. बाबा म्हणाले, मी येतो बसस्टॉपपर्यंत. मी म्हटलं, मी काय लहान आहे?

साडेनऊ. कडीवरच.

मग आईचा आवाज आला, स्वयंपाकघरातून, फोनवर. मालकांना सांगत होती, तिला ताप आहे हो. आमच्या घरात खोटं बोलत नाहीत. मी तिला थांबवणारच होते. पण कडीला हात लागला होता, तो आधी धुवायला हवा होता.

१७ जून
मालक सरळ माणूस. ताप म्हटल्यावर त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं. आज नर्सबाई आल्या, नखशिखांत झाकलेल्या. कपाळाशी यंत्र धरलं. म्हणाल्या, ताप नाही, काही नाही, खुशाल जा उद्यापासून कामावर.

आई फरशीकडे बघत राहिली. मी थँक्यू म्हटलं आणि उंबऱ्यातच बसले. रडायला यायचं काही कारण नव्हतं. थांबेचना. नर्सबाईंना जवळ येता येत नव्हतं, त्या तिथूनच वाकून माझ्या हातांकडे बघत होत्या. दिवसातून किती वेळा धुता, विचारलं. मी म्हटलं, सगळे धुतात तेवढेच. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं.

जाताना त्यांनी एक नंबर दिला. म्हणाल्या, मनासाठी आहे, लाजू नका, मीही केला होता.

संध्याकाळी मालकांचा फोन. दुसरी मुलगी घेतली. तू आधी बरी हो, मग बघू, म्हणाले. चिडून बोलले असते तर बरं झालं असतं.

१८ जून
नंबर लावला. आईसाठी नाही.

एक बाई सारखी सांगतेय, आमचे सर्व समुपदेशक इतरांशी बोलत आहेत, कृपया फोन ठेवू नका. मध्ये संगीत. आई जेवायला बोलावून गेली, म्हटलं, आलेच. बाबा बोलावून गेले. ताटं झाकून ठेवली आहेत.

फोन ठेवलेला नाही.