आत्याचा लाखेचा करंडा

झुंबरआत्या, पाया पडतो.

लाखेचे जुने लाकडी डबे जमवून राह्यलो त्याला वीस वर्सं झाली, पण तुझ्या कुंकवाच्या करंड्यासारखी लाल लाख कुठंच पाह्यली न्हाई. मी येड्यानं तो तुझ्या सुनेसमोर मागितला. तू म्हणलीस, "मालक जाऊन तीस वर्सं झाली. मला काय करायचाय? घेऊन जा."

घरी झाकण उघडलं. कुंकू ताजं होतं, त्यात बोटाचा ठसा होता.

रोज लावून, आरशात पाहून, पुसून मंग दार उघडत असशील! इतके डबे उघडले, आत्या, पण हात पहिल्यांदाच जोडले.

पत्र तुला सूनच वाचून दाखवील, म्हणून टाकत न्हाई. उद्या जाफराबादच्या यस्टीनं मीच येतो. करंडा काठोकाठ भरलाय. सुनेला सांगीन, डबा नकली निघाला.

तुझा भाचा,
कल्याण