जागच्या जागी पृथ्वी

स्वोर्ड्स, आयर्लंड
जून २०२०

अहो,

प्रभाचा नमस्कार. फोनवर लेक शेजारी असते, मोकळं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

विमानं बंद असली तरी मी मजेत आहे. माझ्यासारखेच लेकीकडे अडकलेले शेजारचे चिनी आजोबा कुंपणापलीकडून मला ताई-ची ही त्यांची संथ युद्धकला शिकवतात. त्यांची पंचमहाभूतं वेगळीच! आकाश नाही, वारा नाही. लाकूड आणि धातू आहेत. त्यांच्याकडच्या दुसऱ्या एका युद्धकलेत पृथ्वी म्हणजे ठोसा. ताई-चीत मात्र पृथ्वी म्हणजे जागच्या जागी स्थिर उभं राहणं. माझ्या गुडघ्यांना तीच बरी.

गोळ्या वेळेवर घेता ना? रोज नुसत्या दूधपोळीवर भागवू नका.

आज आम्ही पृथ्वी करत असताना कितीतरी दिवसांनी डोक्यावरून विमान गेलं. माझा पाय आपसूक पुढे पडला. बघते तर आजोबांचाही.

तुमचीच,
प्रभा