बिलातली धर्मादायाची ओळ

बाबा,

ज्याच्या कृपेने हात लिहिता आहे आणि ज्याच्यापासून काही झाकता येत नाही, त्या अंतर्यामीला वंदन करून मूळ विषयाकडे येतो. आपल्या बिलातल्या धर्मादायाच्या ओळीबद्दल लिहायचे आहे.

चिंचवडच्या दुकानात तुम्ही मला आजही दिसता. नट-बोल्ट तोलून झाले की गिऱ्हाइकाला हळूच विचारता, देवळाच्या अन्नदानाला काही लिहू का? कोणी होकार देतो, कोणी नुसता हसतो. नाही म्हणणाऱ्यालाही चहा मिळतो. जमलेली रक्कम तुम्ही वेगळ्या खात्यात ठेवत होता, कारण ती आपली कमाई नव्हे आणि आपले दानही नव्हे. एकदा मी सुचवले, ही आपलीच देणगी दाखवून प्राप्तिकरात सवलत घेऊ. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या पुण्याची पावती आपल्या नावावर फाडायची?"

चाकणला गोदाम नेल्यावर ते तोंडी विचारणे मला अडचणीचे वाटू लागले. बिले संगणकावर निघतात, माल परस्पर टेम्पोत चढतो. मी ती ओळ प्रत्येक बिलात कायमची करून टाकली. खाते मात्र वेगळेच ठेवले आणि तेवढ्यावर स्वतःला निर्दोष समजलो. स्वेच्छेने वस्तूवरचे आपले स्वत्व, म्हणजे मालकी, सोडणे म्हणजे दान, हे लक्षण देवळात प्रवचनाला बसून मीच सांगत होतो.

आकुर्डीच्या एका कामगाराचा मुलगा आता चाकणला स्वतःचे वर्कशॉप चालवतो. माल आपल्याकडूनच नेतो. तो एकदा म्हणाला होता, "काका, नट-बोल्टचा जीएसटी समजला. हा धर्म कुठल्या स्लॅबमध्ये बसतो? काढा की तो. आम्ही आमच्या विहाराला देतो." संगणक ती ओळ काढू देत नाही, असे मी हसत सांगितले.

परवा जीएसटीचे अधिकारी हिशेब तपासायला आले. गिऱ्हाईक खुशीने देत असेल तर गोष्ट निराळी; सक्तीने घेतले असेल तर ती मालाचीच किंमत, तिच्यावर कर लागतो, असे त्यांनी समजावले. ऐच्छिक आहे, मी म्हणालो. तो मुलगा माल न्यायला आला होता, समोरच बसला होता. अधिकाऱ्यांनी त्याला विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले.

"काकांनाच विचारा, साहेब. काका खोटं बोलायचे नाहीत."

मान वर न करता मी सांगितले, की सक्तीच होती. कर आणि व्याज भरायचे ठरले. "येतो काका," म्हणून तो गेला, तेव्हाही मला त्याच्याकडे पाहता आले नाही.

ती ओळ आता काढली आहे. या महिन्याचे अन्नदान स्वतःच्या खात्यातून द्यावे म्हणून चेकबुक उघडले, तेव्हा उमगले, की आजवर मी माझे असे काहीच दिले नव्हते. आणि बाबा, रक्कम लिहिताना हात आखडला. नेहमीपेक्षा कमीच लिहिली.

हे पत्र कुठे धाडायचे नाही. तरी कोणाच्या हाती लागलेच, तर वाचणाऱ्या प्रत्येकाचा हात देताना मोकळा राहो, आणि घेताना विचारल्यावाचून पुढे न होवो.