परांचीवरचे जावई

सोलापूर, रविवार दुपार

तीर्थरूप यज्ञेश्वरदादास,

प्रभाचा वाकून नमस्कार. तुझी साखर आणि वहिनींचा गुडघा दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इथे माझं काळीज सोडून बाकी सगळं जागेवर आहे.

घरावर मजला चढतोय हे तुला ठाऊक आहेच. पण त्याच्याबरोबर हेही चढतात. निवृत्तीनंतर देखरेखीचं वेड लागलंय. सकाळचा चहा झाला की हे परांचीवर. (आमची परांची म्हणजे वाशांना दोरीने बांधलेल्या दोन फळ्या. तू जन्मभर कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतास, तुला वाचूनच घाम फुटेल.) वय अडुसष्ट, डोक्यावर काही नाही, पायात बाथरूमच्या चपला.

कंत्राटदार प्रभुलिंग वळसंगचा, बोलायला गोड. त्याला विचारलं तर म्हणाला, "वहिनी, आमच्या कामावर आजवर कोन पडलंय का? मग झालं की." गवंडी धोंडप्पाचं म्हणणं, हेल्मेट घातलं की डोकं तापतं, डोकं तापलं की पाय चुकतो, तेव्हा धोका हेल्मेटचाच. आमच्या ह्यांच्या मते तर आपलं काम लोकांनी येऊन बघण्यासारखं सुरक्षित आहे. शेवटी मीच बाजारातून एक हेल्मेट आणि कमरेचा पट्टा आणला. दुसऱ्या दिवशी बघते तो दोन्ही बाहुल्याच्या अंगावर. (नजर लागू नये म्हणून बांधकामावर टांगतात तो, गवताने भरलेला. शर्ट ह्यांचाच जुना.) प्रभुलिंग खूश: "रस्त्यावरनं लोक बघत्यात वहिनी, लई नाव झालं आपलं." साऱ्या कामावर सुरक्षित असा तो एकटाच, आणि माझं लग्न त्याच्याशी झालेलं नाही.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला कठडा धरल्याशिवाय जिना उतरू देत नसत. कडक होत्या, पण शेवटच्या पायरीशी हात पुढे करून त्याच उभ्या असायच्या. हल्ली अंगणात मान वर करून उभी असते तेव्हा त्यांची आठवण येऊन डोळे भरतात. ह्यांना हाकसुद्धा मारवत नाही. दचकून वळले तर?

असो. वहिनींना नमस्कार.

तुझी,
प्रभा

ता. क. – खरं म्हणजे तू ये. माझं ऐकत नाहीत, पण तुझा शब्द मोडायला अजून नव्या जावयासारखे लाजतात. तू म्हणालास तर खाली उतरतील.

आणखी एक – ह्यांचा चहा खाली निवून जातो, म्हणून काल पदर खोचून मीच वर घेऊन गेले. फळीवर दोघांनी शेजारी बसून चहा घेतला. वारा छान होता, लांबवर तलावाचं पाणी दिसत होतं, आणि मला जराही भीती वाटली नाही. म्हणून म्हणते, दादा, लवकर ये.